तिघरा : गळ टाकण्याविषयी

निशिकांत,
तू विचारलंस, मासा कधी लागतो,
कधीची तिकिटं काढू.
वहीत बघून सांगतो.

जानेवारीत नको.
धुकं असं की बांधावर उभं राहिलं
तर आपल्याच गळाची दोरी
दीड हातावर संपते.
मासा तळाशी. हलत नाही, जेवत नाही,
नोकरीवरून काढलेल्या माणसासारखा
भिंतीकडे तोंड करून पडलेला.
'पानी सोया है, बाबूजी,' बाथम म्हणतो.
तरी आम्ही जातो.
वहीत त्या तारखांपुढे माझंच अक्षर:
वारा नाही. मासा नाही. गजक संपली.

होळीआधीचे पंधरा दिवस बरे.
ऊन पाण्यात वीतभर उतरतं,
रोहू वर येऊन बुडबुडे सोडतो.
कणकेत हिंग घालायचा, चिमूटभर,
आणि ती बाथमनेच मळायची.
मी मळली तर माशाला कळतं म्हणे.
मी हे मानत नाही.
वही मानते.

मे महिन्यात लू.
तलाव मागे मागे सरकतो
आणि भेगाळलेल्या चिखलात सापडतात
शिंपले, कुणाची तरी डावी चप्पल,
आमचंच मागल्या साली तुटून गेलेलं शिसं.
उरतं ते लष्करातल्या आमच्या नळाला
दिवसाआड येतं.
म्हणजे मासा आणि आम्ही
एकाच भांड्यातलं पितो.
पण पहाटे साडेतीनला, उजाडायच्या बरंच आधी,
पढीन निघते.
बिनखवल्यांची, रुंद जबड्याची,
अंधारात आपल्यापेक्षा बरं दिसणारी.
एकदा लागली होती, साडेसहा किलो.
अंगठ्यावर तिचे दात अजून आहेत.
आलास की दाखवीन.

सोळा जून ते पंधरा ऑगस्ट बंदी.
पोटात अंडी असतात.
ती पानं कोरी.
(तुझी काकू होती तेव्हा
त्यांवर इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहायची.
सहा शर्ट, दोन चादरी, एक परत आला नाही.)

दसरा ते दिवाळी मरळ.
बाथम तिला सौर म्हणतो.
काठच्या गवतात बेडकाच्या मागावर असते,
गवत वाऱ्याच्या उलट हललं की समजायचं.
खायला उत्तम, पण तुझ्या आजीला कधी पटली नाही.
हळद, लिंबू, तासभर मीठ लावून ठेवलं
तरी म्हणायची, चिखल लागतो रे जिभेला.
आजोबा अलिबागहून शिंद्यांच्या दफ्तरात आले
तेव्हापासून आमच्या घरात समुद्र
फक्त आमसुलांच्या बरणीतून यायचा.
ती बरणी उघडून ती नुसतीच हुंगायची.
मग झाकण लावायची, घट्ट.

एक सांगायचं राहिलं.
बाथमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशन संक्रांतीनंतर ठेवलंय,
तोवर त्याला सगळंच दुधी दिसतं,
आणि पाण्याचा रंग मी सांगायचा.
एकवीस वर्षं त्याच्याशी हिंदीत बोलतोय मी,
पण पाणी बघितलं की शब्द घरचेच येतात:
शेवाळी. गढूळ. निवळशंख.
आधी हसायचा.
आता सायकल लावता लावता तोच विचारतो,
'आज निवळशंख है क्या?'

काल तुझा मेसेज आला तेव्हा आम्ही तिथेच होतो.
धुकं अजून सुरू झालेलं नाही.
वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला असावा.
ताकासारखं, मी म्हटलं.
हा शब्द त्याला नवा.
त्याने वाकून बोट बुडवलं,
जिभेला लावलं,
जरा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला
आणि म्हणाला,
'तो फिर केंचुआ लगाओ.'